ड जीवनसत्त्वाची पुडी आणि दम्याचा पंप

(सामुदायिक रेडिओवरील भाषण)

आम्ही अमरावती आणि अकोला जिल्ह्यांत बचत गटांचं काम करणाऱ्या बाया. गटाच्या बैठकीत पैशाचा हिशेब होतो, तसा दुखण्याखुपण्याचाही होतो. अंतर्गत कर्जाच्या वहीत ‘कशासाठी’ असा एक रकाना असतो. त्यात पेरणी, शाळेची फी आणि दवाखाना हे शब्द सगळ्यात जास्त वेळा येतात. अलीकडे त्यात एक नवीन नोंद दिसू लागली आहे : ‘व्हिटॅमिन डीची तपासणी व पुड्या’.

पुड्या घ्यायला आमची हरकत नाही. पण एका बैठकीत एक मावशी म्हणाल्या, “काहून बाई, डी ची पुडी दुधातून घेतली का दमा जाते म्हणतेत. मंग पंप कायले पाह्यजे?” लगेच दुसरी म्हणाली, “आमच्या जाऊनं पोराचा पंप बंदच केला.” हे ऐकलं आणि या विषयावर नीट बोललंच पाहिजे असं आम्ही ठरवलं. डॉक्टरांना विचारलं, आरोग्य केंद्रात विचारलं, जे छापून आलं आहे ते वाचलं. तेच आज सोप्या शब्दांत तुमच्यापुढे ठेवतो.

आधी दमा म्हणजे काय ते पाहू. आपल्या छातीत श्वासनळ्या असतात, झाडाच्या फांद्यांसारख्या, मोठीतून बारीक, बारीकातून आणखी बारीक. दम्याच्या माणसाच्या या नळ्या आतून सुजलेल्या असतात. ही सूज बाहेरून दिसत नाही आणि बऱ्याचदा जाणवतही नाही. लेकरू खेळतं, शाळेत जातं, आपल्याला वाटतं बरं झालं. पण आत सूज असतेच. मग धूळ, धूर, थंडी किंवा सर्दीचं निमित्त होतं. नळीभोवतीचे स्नायू आवळतात, आत चिकट कफ साचतो, वाट अरुंद होते आणि छातीतून शिट्टीसारखा आवाज येतो. यालाच आपण ‘दम लागला’, ‘धाप लागली’ म्हणतो.

म्हणून दम्याचे पंप दोन प्रकारचे असतात, आणि गोंधळ इथेच होतो. एक पंप आवळलेले स्नायू सैल करतो. तो घेतला की पाच-दहा मिनिटांत मोकळं वाटतं. दुसरा पंप आतली सूज कमी करतो. त्यानं लगेच काही वाटत नाही. तो रोज घ्यावा लागतो आणि त्याचा गुण काही दिवसांनी, काही आठवड्यांनी दिसतो. घरोघरी होतं काय, तर ज्यानं लगेच मोकळं वाटतं तो पंप आपण जपून ठेवतो, आणि ज्यानं ‘काहीच फरक पडत नाही’ तो आधी बंद करतो. खरं तर रोग आवरणारा पंप तोच आहे. दम्याच्या उपचाराची जागतिक मार्गदर्शक सूचना २०१९ पासून स्पष्ट सांगते की नुसत्या मोकळं करणाऱ्या पंपावर दम्याच्या माणसाला ठेवू नये, सूज कमी करणारं औषध सोबत हवंच.

आता या सुजेचा आणि व्हिटॅमिन डीचा संबंध कुठून आला? तो कोणी हवेतून काढलेला नाही. आपल्या शरीरात जंतूंशी लढणाऱ्या पेशी असतात, त्या व्हिटॅमिन डीला ओळखतात. प्रयोगशाळेत असं दिसलं की व्हिटॅमिन डी मिळालं की सूज वाढवणाऱ्या पेशी जरा शांत होतात. शिवाय दम्याच्या लेकरांचं रक्त तपासलं तर अनेकांत व्हिटॅमिन डी कमी सापडलं. तेव्हा डॉक्टरांना आशा वाटली की हे दिलं तर सूज उतरेल. आशा रास्त होती.

पण बायांनो, ज्या घरात काठी असते त्या घरात गुडघेदुखी जास्त दिसते. म्हणून काठीमुळे गुडघे दुखतात असं आपण म्हणतो का? दम्याच्या लेकराला आपण बाहेर जाऊ देत नाही. ‘धुळीत जाऊ नको, पळू नको, दम लागीन.’ ते घरात बसतं, ऊन मिळत नाही, आणि व्हिटॅमिन डी कमी होतं. म्हणजे डी कमी म्हणून दमा, की दमा म्हणून डी कमी, हे नुसत्या रक्ताच्या रिपोर्टवरून सांगता येत नाही.

ते ठरवायची एक रीत आहे. दम्याच्या लेकरांचे दोन गट चिठ्ठ्या टाकून करायचे. सगळ्यांचे नेहमीचे पंप चालू ठेवायचे. एका गटाला खरं व्हिटॅमिन डी द्यायचं, दुसऱ्याला तसंच दिसणारं पण औषध नसलेलं काही द्यायचं. कोणाला काय मिळालं हे आईबापाला किंवा डॉक्टरला शेवटपर्यंत सांगायचं नाही. मग मोजायचं की कोणाला किती वेळा दम लागला.

असे अभ्यास झाले, आपल्या देशातही झाले. हरियाणातल्या रोहतकच्या वैद्यकीय संस्थेत १०० मुलांचा अभ्यास झाला, तो २०१४ मध्ये छापून आला. त्यात दर महिन्याला ६० हजार युनिटची मात्रा दिलेल्या मुलांना दम्याचे झटके कमी आले. २०१६ मध्ये ‘कॉक्रेन’ या जगभरचे अभ्यास एकत्र करून तपासणाऱ्या संस्थेनंही म्हटलं की व्हिटॅमिन डीनं दम्याचे मोठे झटके कमी होत असावेत. तेव्हा ही बातमी सगळीकडे पसरली, आणि बहुतेक तीच फिरत फिरत आपल्या गावापर्यंत आली.

पण गोष्ट तिथे थांबली नाही. अमेरिकेत १९२ मुलांना रोज ४ हजार युनिट देऊन पाहिलं. फायदा दिसण्याची शक्यताच राहिली नाही म्हणून तो अभ्यास मुदतीआधी थांबवला. हे २०२० मध्ये छापून आलं. दिल्लीच्या एम्स रुग्णालयातल्या डॉक्टरांनी तर मुद्दाम अशीच २५० मुलं घेतली ज्यांना दमाही होता आणि व्हिटॅमिन डीही कमी होतं. निम्म्यांना नऊ महिने रोज १ हजार युनिट दिलं. रक्तातलं डी वाढलं. पण दमा किती आटोक्यात आहे हे मोजलं तर दोन्ही गट सारखेच निघाले. हे २०२१ मध्ये छापून आलं. मग २०२३ मध्ये त्याच कॉक्रेन संस्थेनं पुन्हा हिशेब मांडला. या वेळी २० अभ्यास आणि सुमारे २२०० माणसं होती. निष्कर्ष निघाला की व्हिटॅमिन डी दिल्यानं दम्याचे झटके कमी होत नाहीत. म्हणजे सात वर्षांपूर्वी आपणच काढलेला निष्कर्ष त्यांनी बदलला. नव्या पावत्या आल्या की वहीतली शिल्लक बदलते, आणि आपण शेवटची शिल्लक धरतो. तसंच इथे २०२३ चा हिशेब धरायचा. ज्यांचं डी अगदी तळाला गेलेलं आहे अशी माणसं या अभ्यासांत थोडीच होती, त्यांच्याबद्दल डॉक्टर अजून ठाम बोलत नाहीत, हेही त्या अहवालात लिहिलं आहे. पण एक गोष्ट लक्षात घ्या. या सगळ्या अभ्यासांत मुलांचे नेहमीचे उपचार चालूच होते. पंप बंद करून पुडीवर ठेवा, असं रोहतकच्या अभ्यासानंही कधी म्हटलेलं नाही.

मग व्हिटॅमिन डी बिनकामाचं का? अजिबात नाही. त्याचं काम हाडांचं आहे. खाल्लेलं कॅल्शियम अंगात मुरायला ते लागतं. शंभर वर्षांपूर्वीची आपल्याच महाराष्ट्रातली गोष्ट आहे. १९२० च्या दशकाच्या सुरुवातीला नाशिक भागात हचिसन नावाच्या डॉक्टरांनी पाहिलं की पडद्यात, घरातच राहणाऱ्या खात्यापित्या घरच्या लेकीबाळींना मुडदूस व्हायचा, हाडं मऊ पडायची. उलट उन्हात राबणाऱ्या गरिबांच्या लेकरांत, खाणं साधं असूनही, तो फारसा नव्हता. तो फरक उन्हाचा होता. आणि आपल्या काळात पुण्यात गरीब वस्तीतल्या लहान लेकरांना महिन्याला व्हिटॅमिन डी आणि सोबत कॅल्शियम घातलेले लाडू देऊन पाहिलं, तेव्हा हाडांना फायदा दिसला. जिथे त्याचं काम आहे तिथे ते काम करतं.

तुम्ही म्हणाल, आपल्या वऱ्हाडात उन्हाची काय कमी? मे महिन्यात अकोल्याचा पारा ४५ च्या वर जातो. पण तेच तर झालं आहे. ऊन इतकं कडक की आपण डोक्यापासून पायापर्यंत झाकून निघतो. तोंडाला दुपट्टा, हाताला मोजे. वावरात जाणारी बाई पूर्ण बाह्यांचा शर्ट घालते, शहरात राहणारी दिवसभर घरात किंवा दुकानात. खिडकीच्या काचेतून येणाऱ्या उन्हाचा तर उपयोगच नाही, कारण व्हिटॅमिन डी बनवणारे किरण काच अडवते.

मग ऊन घ्यायचं कधी? सावलीकडे पाहा. सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड असेल तेव्हाचं ऊन कामाचं. आपल्याकडे उन्हाळ्यात सकाळी साडेनऊच्या सुमारासच सावली आखूड होते, त्यामुळे तेव्हा पंधरा-वीस मिनिटं हातपाय उघडे ठेवून अंगणात निवडण-टिपण केलं तरी चालतं. भर दुपारी जायचं नाही, उष्माघात होईल. पौषात मात्र भर दुपारीही सावली जवळजवळ आपल्याएवढीच असते. म्हणून हिवाळ्यात दुपारचंच ऊन घ्यायचं, कोवळं सकाळचं नाही. रंगानं सावळ्या असणाऱ्यांना थोडा जास्त वेळ लागतो. खाण्यात व्हिटॅमिन डी फार थोडं असतं. अंड्याचा बलक, मासे, आणि ज्या तेलाच्या आणि दुधाच्या पाकिटावर निळ्या रंगात ‘प्लस एफ’ अशी खूण असते, त्यात ते घातलेलं असतं.

आता पुडीबद्दल. बाजारातली पुडी बहुतेक ६० हजार युनिटची असते. मोठ्या लेकराची रोजची गरज ६०० युनिट धरतात. म्हणजे एका पुडीत शंभर दिवसांचा कोटा आहे. रिपोर्टमध्ये आकडा २० च्या खाली असला की बहुतेक डॉक्टर कमी धरतात आणि काही आठवडे पुड्या देऊन मग थांबवतात. काही घरी मात्र पुडी ‘ताकदीची’ म्हणून सुरू होते आणि थांबतच नाही, एकाची पुडी सगळं घर घेतं. हे जीवनसत्त्व जास्त झालेलं लघवीवाटे निघून जात नाही, चरबीत साठतं. फार झालं तर रक्तात कॅल्शियम वाढतं. मळमळ, भूक मरणं, सारखी तहान, सारखी लघवी, बद्धकोष्ठ, मुतखडा, आणि किडनीला इजा. म्हणून किती पुड्या, किती आठवडे, हे डॉक्टरच्या चिठ्ठीवर लिहून घ्या. तेवढ्याच घ्या.

एक अपवाद सांगतो, नाहीतर तुम्ही उलटं कराल. ज्यांना दम्यासाठी स्टेरॉइडच्या गोळ्या वारंवार घ्याव्या लागल्या, त्यांची हाडं ठिसूळ होऊ शकतात. अशांना डॉक्टर कॅल्शियम आणि व्हिटॅमिन डी देतात. ते हाडांसाठी असतं. तुमच्या चिठ्ठीत तसं असेल तर आजचं भाषण ऐकून बंद करू नका.

‘स्टेरॉइड’ शब्द निघाला म्हणून सांगतो. सूज कमी करणाऱ्या पंपात स्टेरॉइड असतं, आणि त्याच नावाला घाबरून बाया तो बंद करतात. “सवय लागते, मंग जन्मभर सुटत नाई.” दोन्ही प्रकारच्या औषधांचं माप पाहा. स्टेरॉइडची एक साधी गोळी ५ मिलिग्रॅमची, म्हणजे ५ हजार मायक्रोग्रॅमची. पंपाच्या एका फवाऱ्यात असतात १०० ते २०० मायक्रोग्रॅम. पंचवीस ते पन्नास पट कमी, आणि तेही सरळ जिथे सूज आहे तिथेच जातं. पंप बंद करून झटका आला की दवाखान्यात त्याच मोठ्या मात्रेच्या गोळ्या किंवा इंजेक्शन घ्यावं लागतं. पंप घेतल्यावर चूळ भरा, तोंडात पांढरे चट्टे पडत नाहीत. लेकरांना पंप स्पेसर लावूनच द्या, नाहीतर अर्धं औषध जिभेवरच बसतं. पंप कमी करायचा असतो, पण तो डॉक्टरनं, हळूहळू, तपासून.

आमच्या एका गटातल्या घरी काय झालं ते सांगतो. नाव-गाव सांगत नाही. मुलगा नऊ वर्षांचा. उन्हाळाभर बरा होता. घरच्यांनी पंप थांबवला आणि कोणाच्या तरी सांगण्यावरून पुड्या सुरू केल्या. सोयाबीन निघालं, घराशेजारीच थ्रेशर लागलं, दोन दिवस कुटाराची धूळ. तिसऱ्या रात्री मुलाला बोलता येईना. फासळ्या आत ओढल्या जात होत्या. घरात मोकळं करणाऱ्या पंपातलं औषधही संपलेलं. रात्री गाडी शोधण्यात पाऊण तास गेला. मुलगा वाचला, आज शाळेत जातो. पण त्या चार दिवसांच्या दवाखान्यात गटाकडून घेतलेलं कर्ज त्या माउलीनं दहा महिने फेडलं. तेवढ्यात वर्षाचा पंप आला असता.

सगळ्यांचं असं निभावत नाही. २०१९ च्या जागतिक अंदाजानुसार जगातल्या दर आठ दम्याच्या रुग्णांपैकी एक भारतात आहे, पण दम्यानं होणाऱ्या शंभर मृत्यूंतले सुमारे ४२ भारतात होतात. इतका फरक का? एक मोठं कारण हेच की सूज कमी करणारा पंप आपल्याकडे फार थोडे लोक घेतात. कोजागिरीच्या रात्री खिरीतून दम्याचं औषध घ्यायला माणसं लांब लांब जातात, मृग नक्षत्रावर हैदराबादला माशातलं औषध गिळायला जातात. श्रद्धेनं खीर खायला आमचा विरोध नाही. खिशात पंप घेऊन जा, आणि परत आल्यावरही तो चालू ठेवा.

पुडीवर जे पैसे आणि जी आशा लावतो, ती जिथे खरा फरक पडतो तिथे लावू या. आपल्या वऱ्हाडात दम्याच्या लेकराचं वर्ष कसं जातं ते पाहा. पावसाळ्यात भिंतीला ओल आणि बांधावर गाजरगवत. दिवाळीआधी घराची झाडझूड, मग फटाके. त्याच सुमारास सोयाबीनची मळणी, कापसाची वेचणी, घरात भरलेला कापूस. थंडीत तुरीची मळणी आणि पऱ्हाट्यांचा जाळ. बारा महिने चुलीचा धूर आणि मच्छर अगरबत्ती. मच्छरच्या एका कॉइलमधून सुमारे शंभर सिगारेटींइतके बारीक धूलिकण निघतात, असं परदेशातल्या एका अभ्यासात मोजलं गेलं आहे. आणि आपण ती लावून, दार बंद करून, लेकराला बाजूला निजवतो.

आमच्या गटांनी काही गोष्टी ठरवल्या आहेत, त्या तुम्हीही ठरवू शकता. ज्या घरी दमा आहे तिथे कॉइल नाही, मच्छरदाणी. झाडण्याआधी पाण्याचा शिडकावा. मळणीच्या दिवशी लेकरू वाऱ्याच्या वरच्या बाजूला, जमलं तर दुसऱ्या गल्लीत मावशीकडे. कापूस निजायच्या खोलीत भरायचा नाही. चूल पेटवायचीच असेल तर बाहेर, आणि लेकरू पदराशी नाही. गॅस घरात असेल तर निदान ज्या दिवशी लेकराला सर्दी आहे त्या दिवशी तरी स्वयंपाक गॅसवर. आणि वहीत एक नियम लिहिला : दम्याच्या पंपासाठी कर्ज मागितलं तर व्याज नाही. पंप आधी सरकारी दवाखान्यात विचारा, नाही मिळाला तर जनऔषधी केंद्रात स्वस्त मिळतो का पाहा.

शेवटी, झटका आला तर काय करायचं ते कागदावर लिहून चुलीजवळच्या भिंतीला लावा. लेकराला आडवं करू नका, ताठ बसवा. मोकळं करणारा पंप स्पेसर लावून, डॉक्टरनं सांगितलेत तेवढे फवारे, एक एक करून द्या. एक वाक्य पूर्ण बोलता येत नसेल, ओठ निळसर पडत असतील, फासळ्या आत ओढल्या जात असतील, किंवा लेकरू सुस्त पडत असेल तर वाट पाहू नका. १०८ ला फोन करा, आणि गाडी येईपर्यंत पंप चालू ठेवा. पंपात औषध किती उरलं आहे ते दर अमावास्येला आणि पौर्णिमेला पाहत जा.

पुढच्या बैठकीला येताना दम्याच्या माणसाचे दोन्ही पंप सोबत आणा. आशाताईंना आम्ही बोलावलं आहे. कोणता पंप रोजचा आणि कोणता अडीनडीचा, हे त्यांच्यासमोर आपण त्यावर रंगीत चिकटपट्टी लावून ठेवू. वाचता न येणाऱ्या आजीलाही मग ओळखता येईल.